आयर्विनला किती?

आईचं माहेर सांगली. लग्न होऊन नाशकात आली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. गोदावरीचं पाणी पिऊन तिची भाषासुद्धा बदलली, पण आषाढ लागला की सांगलीच्या मावशीला रोज संध्याकाळी तिचा फोन ठरलेला. तब्येत, भाजीचे भाव, कुणाचं कुठं जमलं, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच: "आयर्विनला किती?"

मावशी तिकडून आकडा सांगायची. सत्तावीस म्हटलं की आई निवांत. अडतीस म्हटलं की तिचा आवाज उतरायचा. लहानपणी मला वाटायचं, आयर्विन हा आमच्या नात्यातला कुणी आजारी माणूस असावा आणि हा त्याचा ताप. चाळिशीच्या पुढं गेला की घरात जेवणं लवकर उरकायची. पुढे कळलं, आयर्विन हा सांगलीचा कृष्णेवरचा जुना पूल, आणि आकडा त्याच्या खांबाशी चढलेल्या पाण्याचा, फुटांत.

या ऑगस्टमध्ये भाचीला, मुक्ताला, सांगलीत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. मेव्हण्यांना रजा नव्हती, म्हणून पोहोचवायला मामा. तीन दिवस राहिलो. कामाचा दिवस त्यातला एकच. उरलेले दोन आयर्विनने खाल्ले.

शुक्रवार

नाशिक ते पुणे रात्रीची गाडी, स्वारगेटहून सकाळची एसटी. कऱ्हाड ओलांडायच्या आधीपासून पाऊस सुरू झाला होता. पेठ नाक्याला हायवे सोडून गाडी डावीकडे वळली आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला तो आष्ट्याच्या पुढेपर्यंत.

निघताना आईने बजावलं होतं, पूल आला की कृष्णामाईला नाणं टाक. तिच्या लहानपणी एसटी आयर्विनवरूनच गावात शिरायची. पुलाअलीकडच्या सांगलीवाडीचा उतार आला की सगळी गाडी खिडक्यांकडे सरकायची आणि बायका पदराच्या गाठी सोडायच्या. मी पाच रुपयांचं नाणं शर्टाच्या खिशात तयार ठेवलं होतं. पण आता जड वाहनांना त्या पुलावर बंदी आहे. आमची गाडी बायपासच्या पुलावरून सरळ पुढे गेली, काच बंद, बाहेर पाऊस. नाणं खिशातच राहिलं. तुम्हीही एसटीने येणार असाल तर हे लक्षात असू द्या: आयर्विन वाटेत लागत नाही, मुद्दाम जावं लागतं.

विश्रामबागला कॉलेजचं काम दुपारपर्यंत आटोपलं. हा सगळा भाग विद्यार्थ्यांचा. विलिंग्डन कॉलेज इथं १९१९ मध्ये सुरू झालं, स्वातंत्र्याच्या वर्षी इंजिनिअरिंगचं कॉलेज आलं, आणि त्यांच्या भोवती खाणावळी, झेरॉक्सची दुकानं, गाद्या भाड्याने देणारे वाढत गेले. मुक्ताची गादी, बादली, मच्छरदाणी अशी खरेदी झाली. हॉस्टेलच्या खिडकीतून तिने बाहेर बघितलं आणि म्हणाली, "मामा, नदी कुठंय?" नदी तिथून चांगली चार-पाच किलोमीटर. मी म्हटलं, चल दाखवतो.

रिक्षावाल्याला आयर्विन म्हटल्यावर त्याने आरशातून आमच्याकडे बघितलं. "पाणी बघायला व्हय? अजून लई न्हाई ओ. अठ्ठावीस हाय."

"तुम्ही बघितलंत का?"

"बघायला कशाला लागतंय? सकाळी मोबाईलवर येतंय की."

मुक्ताने हळूच विचारलं, "आयर्विन म्हणजे कोण?" तिची आई, म्हणजे माझी बहीण, हा प्रश्न ऐकून रडली असती.

गावाच्या टोकाला रस्ता पुलावर चढतो तिथं आम्ही उतरलो. पाऊस थांबला होता. कठड्याला टेकून तीस-चाळीस माणसं उभी, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. कुणी लहान मुलाला खांद्यावर घेतलेलं, कुणी ऑफिसची बॅग पाठीवर तशीच ठेवून. इथं पाणी बघायला येणं हा रोजचा कार्यक्रम आहे. पलीकडे एक आजी कोळशावर कणसं भाजत होती. लिंबू जास्त, तिखट त्याहून जास्त.

पूल काळ्या दगडाचा, कमानींचा. वरून चालताना तो साधा रस्ताच वाटतो. कडेने घाटाकडे उतरून बघितलं तेव्हा त्याचा आकार कळला. ओल्या दगडावर छिन्नीचे तिरके घाव अजून मोजता येतात. दोन दगडांच्या सांध्यात पिंपळाचं वीतभर रोप, त्याखाली शेवाळाची हिरवी रेघ. आणि खांबावर एकाखाली एक रंगवलेले फुटांचे आकडे. पाणी अठ्ठाविसाच्या आकड्याला चाटून परत जात होतं. गढूळ, चहात दूध कमी पडल्यासारख्या रंगाचं. मधूनच एखादा ओंडका यायचा, खांबाशी क्षणभर अडखळायचा, अंग वळवायचा आणि कमानीखालून निघून जायचा.

तो ओंडका नीट बघायला म्हणून मी आणखी दोन पायऱ्या उतरलो आणि तिसऱ्या पायरीवर बसलो. बसलो म्हणजे आपटलो. गुडघा सोलला, पँट फाटली, मुक्ता आधी घाबरली आणि मग हसत सुटली. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर गाळाचा पातळ थर असतो, तो दिसत नाही. सपाता असतील तर हातात घ्या, आणि पाण्याजवळ जायची हौस वरूनच भागवा. शिवाय कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत, आणि हे कुणी घाबरवायला सांगत नाही.

शनिवार

मावशी गावभागात राहते. जुनी सांगली ती हीच. सहा गल्ल्यांचं गाव म्हणून सांगली, असं इथं कुणीही सांगतं. खरंखोटं त्या गल्ल्यांना ठाऊक. रात्री मुक्काम तिच्याकडेच होता, पण आदल्या संध्याकाळी दिवे गेलेले, त्यामुळे घर नीट दिसलं ते सकाळी.

बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या शेजारी भिंतीवर तीन रेघा आहेत. ऑइलपेंटच्या, पट्टी लावून मारलेल्या. सगळ्यात खालची माझ्या बरगड्यांना लागते: २००५. तिच्या थोडी वर दुसरी: २०२१. तिसरी दाराच्या चौकटीच्या वर, देवांच्या तसबिरी जिथं लावतात तिथं: २०१९. तिन्ही काकांनी स्वतः मारल्या. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, त्यामुळे रेघ मारताना लेव्हल ट्यूब लावली होती, अंदाजपंचे काम नव्हे.

"हे सोपं आहे," काका मुक्ताला म्हणाले. "आपला उंबरा म्हणजे आयर्विनचे पन्नास फूट. आयर्विनचा आकडा घ्यायचा, त्यातून पन्नास वजा करायचे, उरेल तेवढं पाणी घरात. २००५ ला चोपन्नाच्या जवळ गेलं. म्हणजे किती?"

"चार फूट."

"२०१९ ला सत्तावन्नच्या वर."

मुक्ताने चौकटीच्या वरच्या रेघेकडे बघितलं आणि उत्तर दिलं नाही.

मावशीने चहा पुढे केला. "आमच्या गल्लीत पोरं वजाबाकी शाळेच्या आधी शिकतात," ती म्हणाली. मग तिने मला आतली खोली दाखवली. लोखंडी कपाट विटांवर, गव्हाचा डबा माळ्यावर, फ्रीजचा प्लग खांद्याच्या उंचीवर, घराची कागदपत्रं एका प्लास्टिकच्या बरणीत आणि बरणी दाराजवळच्या खिळ्याला. चाळीस म्हणजे इशारा पातळी, पंचेचाळीस म्हणजे धोका पातळी, हे सरकारचं. मावशीचं स्वतःचं वेगळं वेळापत्रक आहे. अडतिसाला गादी माळ्यावर, बेचाळिसाला गॅस सिलेंडर शेजारच्यांच्या गच्चीवर, चव्वेचाळिसाला मांजर टोपलीत घालून विश्रामबागला नणंदेकडे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, मगरमच्छ कॉलनी या भागांची वेळ त्याच्या बरीच आधी येते. तिथली माणसं पस्तिसालाच सामान आवरायला घेतात. मगरमच्छ कॉलनी हे नाव ऐकून मुक्ता हसली. नाव खरं आहे, आणि दर पुरात बातम्यांत ते पहिलं येतं.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या त्या आठवड्याबद्दल मावशी फारसं बोलत नाही. एवढंच म्हणाली की पाणी उतरल्यावर घरात वीतभर चिखल होता, आणि वास दिवाळीपर्यंत गेला नाही. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली ती त्याच पुरात.

पुलाची गोष्ट मला काकांकडूनच नीट कळली. मी आजवर एक मोठा घोटाळा करून बसलो होतो. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन म्हटलं की मला एकच माणूस वाटायचा. ज्यांनी मिरजेपासून वेगळं होऊन सांगली संस्थान उभं केलं, गणपतीचं देऊळ बांधलं, ज्यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये इथं मराठीतला पहिला नाट्यप्रयोग केला, तेच पूल बांधणारे, अशी माझी समजूत. मग सगळं जुळवायचं तर राजेसाहेब सव्वाशे-दीडशे वर्षं जगायला हवे होते. काकांनी डोक्याला हात लावला. पूल बांधणारे चिंतामणराव दुसरे. त्यांचा जन्म १८९० चा, संस्थान विलीन झालं तेव्हा गादीवर तेच होते, आणि गेले १९६५ मध्ये. नाटक आणि पूल यांच्यात शहाऐंशी वर्षांचं अंतर आहे.

त्याआधी नदी ओलांडायची म्हणजे नावेतून. पलीकडे सांगलीवाडी, तिच्या पुढे आष्टा, इस्लामपूर आणि पुण्याचा रस्ता. सांगलीच्या पेठेतली हळद, गूळ, शेंगा यांना पावसाळ्यात नदी आडवी यायची. संस्थानाने पूल बांधायला घेतला आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हातून त्याचं उद्घाटन झालं. नाव त्यांचंच पडलं.

त्या वेळचा आयर्विन कुठल्या परिस्थितीत होता हे मी नंतर जुळवून बघितलं. ३१ ऑक्टोबर १९२९ ला त्यांनी हिंदुस्थानला वसाहतीचं स्वराज्य देण्याचं ते गाजलेलं जाहीर निवेदन केलं होतं. पुढच्या महिन्यात सांगलीचा पूल. आणि त्याच्या पुढच्या महिन्यात, २३ डिसेंबरला, दिल्लीजवळ त्यांच्या रेल्वेगाडीखाली बॉम्बस्फोट झाला. ते वाचले. आठवडाभरात लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. सगळा देश असा तापलेला असताना इकडे कृष्णेकाठी हार, तुरे, बँड आणि फीत. संस्थानांचं जग वेगळंच चालायचं.

नंतर देशभर रस्त्यांची, चौकांची, पुलांची साहेबी नावं बदलली. आयर्विन मात्र सांगलीकरांच्या जिभेवरून उतरला नाही. त्यात व्हाइसरॉयबद्दल प्रेम वगैरे काही नाही. मला विचाराल तर ते आता नावच राहिलेलं नाही, माप झालंय. शेर, पायली, कोस तसा आयर्विन. कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याचा आकडा विचारतात, एकोणचाळीसला इशारा आणि त्रेचाळीसला धोका. सांगलीकर आयर्विनचा. पाटी बदलता येते, पण रात्री दोन वाजता उठून माणसं जो आकडा विचारतात त्याचं नाव कोण बदलणार?

"आणि गंमत बघ," काका म्हणाले. "नदी फुटात. अलमट्टी धरणाची उंची मीटरात. कोयनेतून सोडलेलं पाणी क्युसेकात. कोयनेचा साठा टीएमसीत, एकशे पाच. जुलै-ऑगस्टमध्ये इथला पानवालासुद्धा ही चारही मापं एका दमात बोलतो."

जेवायला कृष्णाकाठची वांगी. भरली वांगी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. ही वांगी मळीच्या जमिनीत होतात. पूर गेल्यावर मागे राहतो तो गाळच त्यांना लागतो. साल पातळ, बी जवळजवळ नाही, भाजीत देठासकट विरघळतात. मावशी म्हणाली ही अजून खरी नव्हेत, खरी थंडीत ये. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, थंडीत काय होईल ते बघू.

दुपारी गणपतीला जाऊन आलो. काळ्या दगडाचं देऊळ, पुढे मोठं मोकळं आवार. पावसात भिजलेला फरसबंद आणि त्यावर कबुतरं. तिथून नदी जवळ. वसंतदादा पाटलांची समाधीही याच काठावर. २४ जुलै १९४३ ला दादा आणि त्यांचे सोबती सांगलीच्या तुरुंगातून तट ओलांडून पळाले ते अशाच पावसाळ्यात. पुढे मुख्यमंत्री झालेल्या माणसाच्या अंगावर या गावात गोळी झेललेली खूण होती, हे मुक्ताच्या पिढीला सांगायला पाठ्यपुस्तक पुरत नाही.

चार वाजता हरिपूर. गावातून तीन-चार किलोमीटर. रस्त्याच्या कडेने जुनी झाडं, मधून हळदीच्या पेठेचा तो पिवळा, किंचित मातकट वास. नाटककार गोविंद बल्लाळ देवल मूळचे इथले. श्रावण असल्यामुळे संगमेश्वराच्या देवळात सोमवारच्या यात्रेची तयारी चालली होती. बांबू, ताडपत्री, पाळण्याचे सुटे भाग. इथं वारणा कृष्णेला मिळते. दोन रंगांचं पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहतं आणि मग कुठंतरी एक होतं, पण ती जागा बोटाने दाखवता येत नाही. मी तीनदा प्रयत्न केला.

घाटावर एक नावाडी बसला होता. नाव काठावर ओढून उलटी घातलेली. मी त्याला विचारलं, हरिपूरचा संगम आयर्विनच्या खालच्या अंगाला, मग वारणेला पाणी आलं तर आयर्विनचा आकडा का वाढतो?

त्याने माझ्याकडे शहरातल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. "ताटात आमटी वाढली आणि ताटाच्या त्या टोकाला हात लावून धरला तर काय हुईल? हिकडं चढंल का न्हाई?"

चढंल. वारणा तुडुंब असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा येते, तीही तसंच करते. त्याच्याही खाली अलमट्टी. म्हणून आयर्विनच्या खांबावरचा आकडा वाचताना वरच्या कोयनेकडे जितकं बघायचं तितकंच खाली या संगमाकडे. पाऊस थांबला तरी आकडा चढू शकतो तो यामुळे. काकांनी हेच मला सकाळी कागदावर बाण काढून समजावलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांबद्दल ऐकून होतो. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं. त्यात हळद वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आत हवा कोंडलेली असते. आधी दिवा सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. २००५ च्या पुरात पाणी शिरून यातली बरीच पेवं कायमची गेली. आम्ही बघितलं ते एक बुजलेलं होतं, वर घाणेरीची झुडपं उगवलेली. हळदीचा व्यापार आता गोदामांत आणि शीतगृहांत गेलाय. पेव बघायचंच असेल तर गावातल्या कुणालातरी सोबत घ्या, आपल्याला ती जागा ओळखू येत नाही आणि पाय आत जायची भीती.

परत येताना आयर्विनवर थांबलो. एकतीस. काल ज्या पायरीवर आपटलो ती पायरी आता पाण्यात.

रविवार

सकाळी नृसिंहवाडी, सांगलीहून तासाभराचा रस्ता. इथं पाणी आधीच देवळात होतं. पादुकांचं दर्शन बंद, उत्सवमूर्ती वर हलवलेली, आणि भाविक गुडघाभर पाण्यापासून चार हात लांब हात जोडून उभे. गाभाऱ्यातून पाणी दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडायला लागलं की त्यात स्नान करायला लोक गर्दी करतात, त्याला दक्षिणद्वार म्हणतात. जो पूर मावशीच्या घरात संकट म्हणून येतो तोच इथं सोहळा म्हणून. मला हे पटवून घ्यायला वेळ लागला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ पाण्याला फुलं वाहत होते. मी विचारलं, तुमचं घर कुठं? "शिरोळला. गेल्या खेपेला भिंत पडली," ते म्हणाले, आणि पुढचं फूल सोडलं.

बासुंदी घेतली, कवठाची बर्फी घेतली. वाडीहून निघताना बासुंदी प्लास्टिकच्या पिशवीत घेऊ नका, डबा घरून न्या. आमची अर्धी बासुंदी पिशवीच्या गाठीतून मुक्ताच्या नव्या दप्तरात गेली. हॉस्टेलवर तिच्या वह्यांना महिनाभर वेलदोड्याचा वास येणार.

दुपारी मिरजेचा बेत होता, तंतुवाद्यांची गल्ली बघायची, तंबोऱ्याला भोपळा कसा चढवतात ते बघायचं. रविवार असल्याने बहुतेक दुकानं बंद. एका उघड्या दाराआड एक तरुण भोपळ्याच्या आतून खरवडत बसला होता, आमच्याकडे न बघता. दोन मिनिटं उभे राहिलो आणि निघालो. हे पुढच्या खेपेला.

संध्याकाळी मुक्ताला हॉस्टेलवर सोडायच्या आधी शेवटचं आयर्विन. पावसाची बारीक भुरभुर. शेजारी नवा समांतर पूल उभा राहिलाय, सिमेंटचा, गुळगुळीत, सरळ. उद्या सगळी वाहतूक त्याच्यावरून जाईल आणि जुन्याला विश्रांती मिळेल. ते बरंच आहे, शंभरीला टेकलेल्या दगडाने किती सोसायचं? पण कठड्याला टेकलेली माणसं जुन्यावरच होती आणि बघत होती जुन्याच्याच खांबाकडे. नव्या पुलावर कुणी फूट रंगवले तरी तो आकडा लोक मानतील असं मला वाटत नाही.

मुक्ताने विचारलं, एवढं पाणी लागून हा पडत कसा नाही? ती कॉम्प्युटरची, मी कॉमर्सचा. पण काकांनी सांगितलेलं माझ्याजवळ होतं. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला रेटत असतो. वरून जेवढं वजन पडेल तेवढे ते आणखी घट्ट बसतात. ओढ लागली तर दगड तुटतो, दाब त्याला चालतो. खरी भीती पाण्याच्या धक्क्याची नसते, पायाखालची माती खरवडली जाण्याची असते, म्हणून पाया भक्कम लागतो. "म्हणजे सगळे एकमेकांना ढकलतायत म्हणून उभे आहेत," ती म्हणाली. मी म्हटलं, हॉस्टेलमध्ये पहिल्या वर्षी असंच असतं.

खिशातलं पाच रुपयांचं नाणं तिच्या हातात दिलं. आजीतर्फे टाक म्हटलं. तिने कठड्यावरून हात लांबवून सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही, एवढा पाण्याचा घोष होता. शेजारचा माणूस, कुणाशी तरी फोनवर बोलत होता, मध्येच थांबून आम्हाला म्हणाला, "साडेएकतीस झालंय बघा," आणि परत फोनवर गेला.

जायचं असेल तर पाण्यासाठी जुलैचा शेवट ते ऑगस्टचा मध्य, पण आकडा पस्तीसच्या पुढे असेल तर हौसेने जाऊ नका. तेव्हा त्या गावाला पाहुणे नको असतात, मदत लागते. दगड, घाट, कमानी शांतपणे बघायच्या असतील तर दिवाळीनंतर जा. नदी खाली गेलेली असते, पुलाचे पाय उघडे दिसतात, आणि मावशीच्या म्हणण्यानुसार वांगी खरी. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाचा कार्यक्रमही पदरात पडेल. भडंग बाजारातून ताजं घ्या, लसूण आणि शेंगदाणे हाताने चाचपून. घरी आणेपर्यंत उरत नाही म्हणून दोन पुडे.

सोमवारी सकाळी नाशकात उतरलो. आई दारातच. पायातले बूट काढतोय तोवर मुक्ताचा मेसेज आला. फोटो नाही, गुड मॉर्निंग नाही, नुसतं: "मामा, आयर्विन ३३."

मी कौतुकाने आईला वाचून दाखवलं.

"ते सहाचं," आई म्हणाली. "आता साडेतेहतीस. चहा गार होतोय."